यकृतातील गाठ : घाबरण्याआधी आणि दुर्लक्ष करण्याआधी

गेल्या ऑक्टोबरात द्राक्षांच्या छाटणीची धांदल चालू असताना निफाडकडचे एक बागायतदार आणि त्यांची पत्नी दवाखाना उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसले होते. छाटणीच्या दिवसांत शेतकरी बाग सोडून नाशिकला येतो, तेव्हा काहीतरी गंभीर असणार हे मी ओळखले. बाईंचे वय बेचाळीस. वरचेवर पित्त होते, पोटात जळजळते म्हणून त्यांनी सोनोग्राफी करून घेतली होती. पित्ताशयात खडे नव्हते. पण रिपोर्टात एक ओळ होती : यकृताच्या उजव्या भागात सुमारे ३ सें.मी.ची गाठ, पुढील तपासणी करावी.

ती ओळ कोणीतरी त्यांना वाचून दाखवली आणि "लिव्हरला गाठ म्हणजे कॅन्सरच" असेही सांगून टाकले. तीन दिवस त्या घरात कोणी धड जेवले नव्हते. बाईंनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले दागिने सासूबाईंच्या हवाली केले होते. यजमानांनी अर्धा एकर बाग कोणी घेईल का, याची चौकशी सुरू केली होती. "डॉक्टर, आमच्यापासून लपवू नका. किती दिवस आहेत तेवढं सांगा," ते म्हणाले.

मी म्हटले, "दादा, आधी ती गाठ कसली आहे ते तर कळू द्या. बाग विकायची घाई करू नका."

पूर्वी पोटाची सोनोग्राफी क्वचितच व्हायची. आता ती तालुक्याच्या गावीही होते आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत यकृतातली गाठ अचानक समोर येते. अशा वेळी माणसे दोन प्रकारच्या चुका करतात. काहीजण भीतीने अर्धमेले होतात, तर काहीजण रिपोर्ट कपाटात ठेवून देतात. दोन्ही चुका टाळायच्या असतील तर गाठ कसली आहे हे डॉक्टर कसे ओळखतात, ते समजून घेतले पाहिजे.

गाठी किती प्रकारच्या?

सोनोग्राफीत ध्वनिलहरी आत जातात, आदळून परत येतात आणि त्यातून चित्र बनते. तिथे काहीतरी वेगळे आहे, एवढे त्या चित्रात कळते. ते नेमके काय आहे, हे दर वेळी कळतेच असे नाही.

यकृतात नुसत्या पाण्याची पिशवी असू शकते. तिला सिस्ट म्हणतात आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. अमिबामुळे झालेले गळू असू शकते. दूषित पाण्यामुळे आणि उघड्यावरच्या अन्नामुळे आपल्याकडे ते आजही दिसते. त्यात ताप आणि दुखणे असते, आणि ते औषधाने बरे होते. कुत्र्यांच्या आणि मेंढ्यांच्या सहवासात राहणाऱ्यांना हायडॅटिड नावाच्या जंताची गाठ होऊ शकते.

मांसल गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळणारी गाठ म्हणजे हिमॅन्जिओमा. हा बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. तो कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होतही नाही. दुसरी साधी गाठ एफ.एन.एच. या नावाने ओळखली जाते. ती यकृताच्याच पेशींची वेडीवाकडी वाढ असते आणि तरुण स्त्रियांत जास्त दिसते. तिसरी अॅडिनोमा. ती अनेक वर्षे गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत, तसेच शरीर कमावण्यासाठी स्टेरॉइड घेणाऱ्या तरुणांत आढळते. ही साधी असली तरी मोठी झाल्यास फुटून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. ५ सें.मी.च्या वर गेली तर बहुधा काढून टाकतात.

उरल्या कॅन्सरच्या गाठी. त्याही दोन तऱ्हेच्या असतात. एक यकृतातच जन्मलेली, दुसरी आतडे, स्तन, फुफ्फुस अशा दुसऱ्या अवयवातून रक्तावाटे येऊन रुजलेली. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

एवढ्या सगळ्या शक्यता असताना "गाठ म्हणजे कॅन्सर" असे म्हणणे चुकीचे आहे. आणि "काही नसेल" म्हणणेही तितकेच चुकीचे.

एका शेताला दोन पाणी

आता मुख्य मुद्दा. यकृताची एक गंमत आहे. बहुतेक अवयवांना रक्त एकाच बाजूने, म्हणजे रोहिणीतून मिळते. यकृताला ते दोन बाजूंनी मिळते. सुमारे एक चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट रोहिणीतून येते. बाकीचे तीन चतुर्थांश आतडी आणि प्लीहा यांतून फिरून, अन्नाचा रस बरोबर घेऊन, पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून येते.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे चटकन समजेल. समजा, एका शेताला विहिरीची पाइपलाइनही आहे आणि कालव्याचेही पाणी आहे. विहिरीचे पाणी मोटर चालू केली की लगेच पोहोचते. कालव्याचे पाणी लांबून, वळसे घेत, थोडे उशिरा येते, पण येते ते भरपूर. निरोगी यकृत मुख्यतः कालव्याच्या पाण्यावर जगते. यकृताचा स्वतःचा कॅन्सर मात्र वाढता वाढता कालवा सोडून देतो आणि विहिरीच्या लाइनला स्वतःच्या चोरवाटा जोडून घेतो.

आता दोन्ही पाण्यांत एखादी खूण मिसळली आणि शेताच्या कोणत्या तुकड्याला ती कधी पोहोचते हे पाहिले, तर कोणता तुकडा कोणते पाणी पितो ते कळेल. कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एम.आर.आय. नेमके हेच करतो.

एम.आर.आय.मध्ये काय होते?

एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण वापरत नाहीत. मोठ्या चुंबकाच्या पोकळीत रुग्णाला झोपवतात आणि शरीरातल्या पाण्यामधील हायड्रोजनच्या कणांकडून येणारे रेडिओ संदेश टिपून चित्र बनवतात. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन हाताच्या शिरेत देतात. त्यात गॅडोलिनियम नावाच्या धातूचे संयुग असते. लोक त्याला रंगाचे इंजेक्शन म्हणतात, पण त्यात रंग नसतो. हे द्रव्य जिथे पोहोचते तिथला भाग चित्रात उजळ, पांढरा दिसू लागतो. औषध थोडेसेच लागते, वजनाप्रमाणे साधारण पाच ते पंधरा मि.लि. असे समजा.

इंजेक्शनच्या आधी एकदा चित्रे घेतात. नंतर साधारण अर्ध्या मिनिटाने घेतात, तेव्हा विहिरीचे पाणी, म्हणजे रोहिणीचे रक्त, पोहोचलेले असते. पुन्हा सुमारे सव्वा मिनिटाने घेतात, तेव्हा कालव्याचे पाणी आलेले असते. शेवटी तीन ते पाच मिनिटांनी घेतात. गाठ कधी उजळली आणि कधी मावळली, यावरून तिची जात ओळखतात.

हिमॅन्जिओमा असेल तर आधी कडेकडेने मोत्यांसारखे ठिपके उजळतात आणि मग सावकाश आतपर्यंत भरत जातात. त्यातले रक्त संथ असते, म्हणून असे होते.

यकृताचा कॅन्सर याच्या उलट वागतो. अर्ध्या मिनिटाच्या चित्रात तो एकदम उजळतो, कारण त्याने विहिरीची लाइन धरलेली असते. पुढे सगळे यकृत कालव्याच्या पाण्याने उजळते तेव्हा तो आजूबाजूपेक्षा काळसर पडतो. लवकर उजळणे आणि लवकर मावळणे ही त्याची मोठी खूण आहे.

दुसरीकडून आलेल्या कॅन्सरची गाठ बहुधा कडेने कड्यासारखी उजळते आणि मध्ये काळी राहते. गळूलाही कडे दिसते, पण ताप, रक्ततपासणी आणि एम.आर.आय.मधल्या इतर चित्रांवरून फरक करता येतो. साधी सिस्ट कधीच उजळत नाही, कारण तिच्या आत रक्तच जात नाही.

एफ.एन.एच. मात्र थोडी फसवी असते. तीही लवकर उजळते. पण ती नंतर काळी पडत नाही, आणि तिच्या मध्यभागी असलेला चट्टा उशिरा उजळतो. ही गाठ आणि अॅडिनोमा यांत फरक करताना तज्ज्ञांनाही अडचण येते. त्यासाठी कॉन्ट्रास्टचा दुसरा एक प्रकार वापरतात. हे औषध यकृताच्या निरोगी पेशी स्वतः शोषून घेतात आणि पित्तातून बाहेर टाकतात. इंजेक्शननंतर सुमारे वीस मिनिटांनी चित्र घेतले की कामाच्या पेशी असलेला भाग उजळ दिसतो. एफ.एन.एच.मध्ये यकृताच्याच पेशी असल्याने ती उजळ राहते, अॅडिनोमा बहुधा काळा दिसतो. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरच्या अगदी बारीक गाठीही पांढऱ्या भिंतीवरच्या भोकांसारख्या उठून दिसतात. म्हणून ऑपरेशनपूर्वी गाठी नेमक्या किती, हे मोजायला हा प्रकार फार उपयोगी पडतो. तो महाग आहे आणि प्रत्येकाला लागत नाही.

गाठ कोणाच्या यकृतात आहे?

वाचकहो, यापुढचा भाग मी माझ्या एका चुकीवरून सांगणार आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे एक टेम्पोचालक येत असत. वय पन्नाशीच्या आत, दारूला न शिवणारे, हसतमुख. रक्तदान शिबिरात रक्त दिले तेव्हा त्यांना हिपॅटायटिस बी असल्याचे कळले होते. मी सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्टात २ सें.मी.ची गाठ होती आणि पुढे लिहिले होते : बहुधा हिमॅन्जिओमा. मी तो 'बहुधा' शब्द वाचला आणि सोडून दिला. "साधी गाठ आहे, वर्षाने बघू," असे मीच त्यांना सांगितले. तेही निर्धास्त झाले. एम.आर.आय.चा खर्च वाचला, याचा आम्हा दोघांनाही आनंद वाटला.

सात महिन्यांनी ते पोट फुगून आले. तोवर गाठ मोठी होऊन पोर्टल व्हेनमध्ये शिरली होती. मुंबईला पाठवले, पण ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. चार महिन्यांत ते गेले. त्यांच्या पत्नी नंतरही मुलांना घेऊन माझ्याकडेच येत राहिल्या. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारले नाही. पण त्यांच्या केसपेपरवर आडनाव दिसले की मला तो 'बहुधा' आठवतो.

माझे चुकले ते इथे. निरोगी यकृतात हिमॅन्जिओमासारखी दिसणारी गाठ बहुतेक वेळा हिमॅन्जिओमाच असते. पण ज्यांना हिपॅटायटिस बी आहे किंवा कोणत्याही कारणाने सिऱ्होसिस झाला आहे, म्हणजे यकृत आक्रसून टणक झाले आहे, त्यांच्या यकृतातली नवी गाठ कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत संशयितच धरावी लागते. सोनोग्राफीतला ठिपका दोघांचा सारखा दिसला, तरी अर्थ एक नसतो.

अशा धोक्यातल्या रुग्णांसाठी अमेरिकेतील रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली गाठींची प्रतवारी ठरवली. ती आता आपल्याकडेही अनेक रिपोर्टांत दिसते. लाय-रॅड्स असा शब्द आणि पुढे १ ते ५ आकडा असतो. १ म्हणजे नक्की साधी, ५ म्हणजे नक्की यकृताचा कॅन्सर. मधल्या आकड्यांना ठराविक काळाने पुन्हा तपासणी किंवा सुईने तुकडा काढून तपासणी लागते. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरचा वगैरे संशय असेल तर आकड्याऐवजी एम हे अक्षर लिहितात.

याचा मोठा फायदा असा की, धोक्यातल्या रुग्णाची गाठ १ सें.मी. किंवा त्याहून मोठी असेल आणि उजळण्या-मावळण्याची खूण स्पष्ट असेल, तर सुई न घालताही निदान पक्के होते. आजारी यकृतात सुई घालताना रक्तस्रावाची भीती असते आणि क्वचित सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडतात. मात्र ही प्रतवारी निरोगी यकृताला लावायची नसते. तिथे संशय उरला तर सुईची तपासणी टाळू नये.

धोका कोणाला?

अमिताभ बच्चन यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात दुखापत झाल्यावर त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यातून हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीरात शिरला. अनेक वर्षांनी तपासणीत ते कळले, तोवर यकृताचा सुमारे ७५ टक्के भाग निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना हिपॅटायटिसविषयी जागृतीसाठी सदिच्छादूत नेमले. इतकी वर्षे आजार आत असूनही त्रास जाणवत नाही, हे यातून शिकण्यासारखे आहे.

म्हणून हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले, अनेक वर्षे दारू घेणारे, आणि मधुमेह व लठ्ठपणामुळे यकृतात चरबी साठून सिऱ्होसिसपर्यंत गेलेले, या सर्वांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सिऱ्होसिस असलेल्यांनी आणि हिपॅटायटिस बी च्या ज्या रुग्णांना डॉक्टर सांगतील त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. तिच्या जोडीला अल्फा-फीटोप्रोटीन ही रक्ततपासणी करतात. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशन, सुईने जाळणे किंवा यकृत प्रत्यारोपण असे मार्ग खुले असतात. काविळीची माळ गळ्यात घालून यातले काहीच टळत नाही.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. सी तर बहुतेकांचा काही महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्यायला विसरू नये. पुढच्या पिढीचा यकृताचा कॅन्सर टाळण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तपासणीला जाताना

शरीरात पेसमेकर, धातूची क्लिप, कानातले यंत्र किंवा डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण असेल तर आधीच सांगा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ग्राइंडिंगचे काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर न्या. मूत्रपिंडे फारच निकामी असलेल्या काही रुग्णांत गॅडोलिनियममुळे कातडी आणि सांधे ताठ होण्याचा गंभीर विकार होतो, हे २००६ साली लक्षात आले. आता वापरात असलेल्या नव्या औषधांत तो धोका खूप कमी आहे, तरीही काळजी घ्यावीच. गरोदर स्त्रियांना हे इंजेक्शन सहसा देत नाहीत. पूर्वी अशा इंजेक्शनची अॅलर्जी आली असेल तर तेही सांगा.

चार ते सहा तास उपाशी जावे, केंद्रावर सांगतील त्याप्रमाणे. यंत्राचा आवाज मोठा असतो, पण नाशिक ढोल ऐकलेल्यांनी त्याला घाबरू नये. कानात बोळे देतात. मधून मधून पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायला सांगतात. त्या वेळी हललात किंवा श्वास सुटला तर नेमके महत्त्वाचे चित्र बिघडते. म्हणून घरी घड्याळ लावून दोन-चार वेळा सराव करून जा.

पैसे वाचवण्यासाठी कॉन्ट्रास्टशिवाय एम.आर.आय. करून आणणारे रुग्णही मला भेटतात. यकृतातल्या गाठीसाठी त्याने बहुधा प्रश्न अर्धाच सुटतो आणि मग दुसऱ्यांदा खर्च होतो. चिठ्ठीवर 'यकृतातील गाठ, कॉन्ट्रास्टसह' असे स्पष्ट लिहून घ्या. सगळ्यांनाच एम.आर.आय. हवा असेही नाही. कॉन्ट्रास्टचा सी.टी. स्कॅन याच तत्त्वावर चालतो, लवकर होतो आणि अनेक वेळा पुरतो. त्यात क्ष-किरण लागतात आणि लहान गाठींत एम.आर.आय. जास्त सांगतो, एवढा फरक. काय करायचे ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. आणि जुने सगळे रिपोर्ट व फिल्म्स बरोबर न्या. दोन वर्षांपूर्वीही गाठ तेवढीच होती, हे कळले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

निफाडच्या त्या बाईंचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्यांना हिपॅटायटिस नव्हता, सिऱ्होसिस नव्हता. एम.आर.आय.मध्ये गाठीच्या कडेने मोत्यांसारखे ठिपके उजळले आणि पाच मिनिटांत ती आतपर्यंत भरली. हिमॅन्जिओमा. औषध नाही, ऑपरेशन नाही, पथ्य नाही.

मी रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण डॉक्टर, पोटात जळजळतं ते कशानं?" मी बाईंना विचारले, सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत चहा किती होतो? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "छाटणीच्या दिवसांत कोण मोजतं?" पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सकाळी भाकरी खाल्ल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, असे बजावले.

बाग अजून त्यांचीच आहे.